लाख लावलेली खुंटी

शब्दाच्या आधीही जो आहे आणि शब्द विरल्यावरही जो उरतो, त्या श्रीरामाच्या चरणी मस्तक ठेवतो. वाणी देणाऱ्या शारदेला वंदन करतो. आणि डोमाजी, आज तुझ्या तेराव्याच्या दिवशी, रामनवमी दहा दिवसांवर आलेली असताना, तुला हे लिहायला बसतो. मंदिराच्या उत्सवपत्रिकेत तुझ्यावर दोन पाने असावीत असे पंचांचे म्हणणे पडले. तू कोणाचा कोण, कोठे शिकलास, हे गावाला ठाऊक आहे. ते मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचे आहे. जे बोलायचे आहे ते तू असताना बोलायला हवे होते, एवढे आरंभीच कबूल करतो.

चांद्याहून तू पहिल्यांदा लाउडस्पीकरचे मशीन आणि दोन भोंगे खासरावर, म्हणजे बैलगाडीवर, घालून आणलेस तो दिवस मला आठवतो. भोंगे मागे दोराने बांधलेले होते आणि तू पुढे तणसाच्या पेंढीवर बॅटरी ठेवून तिला दोन्ही हातांनी धरून बसला होतास, जणू आजारी माणसाला दवाखान्यात नेत आहेस. रस्त्यातल्या खड्ड्यांत तिचे तेजाबी पाणी उडाले होते आणि तुझ्या नव्या धोतराला ठिकठिकाणी भोके पडली होती. तुझ्या घरच्या पार्बताबाईंनी ती पाहिली आणि म्हटले, "बॅटरीले सांभाळलं, सोताले नाई सांभाळलं." तू हसलास. तुझे हसणेही हळूच असे.

साऱ्या गावाचा आवाज मोठा करणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज चार हातांपलीकडे पोचू नये, याचे मला प्रथम हसू येई आणि पुढे पुढे आदर वाटू लागला. आपले मृदंगवाले गणपतभाऊ तुला सोडत नसत. "डोमा, सगळ्यात आंधी एक माईक तुह्या तोंडाले बांध ना रे." त्यावर तू म्हणत असस, "मले का बोलाचं हाय भाऊ, तुम्ही हाव ना."

नंतरच्या वर्षी मला दीर्घ ताप आला आणि जाताना माझ्या आवाजातले बळ घेऊन गेला. पुराण सांगताना वरच्या पट्टीत जोर येई, पण संथ निरूपण, ज्यात खरा अर्थ असतो, ते विरून जाऊ लागले. हे मला कोणीही सांगितले नाही. समोरच्या रांगेतल्यांना ऐकू येत होते आणि मागच्यांनी तक्रार करण्याची रीत आपल्याकडे नाही. तू मात्र एका दुपारी मंडपाच्या पार टोकाला, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलास आणि पुराण संपेपर्यंत तेथेच राहिलास. मला वाटले, सावलीसाठी बसला आहेस.

त्यानंतर तू चार महिने एका पेटीमागे लागलास. नादुरुस्त रेडिओंचे सुटे भाग, दोन काचेचे व्हॉल्व्ह, एक काटा असलेले घड्याळासारखे तबक, आणि शिसवीची पेटी. ती पुढ्यात ठेवून तू मला म्हणालास, "महाराज, रेडिओत जवळचं टेसन अन् दूरचं टेसन सारखंच आयकू येते ना? आतमंदी तशी सोय रायते. तेच इथी केलं. पुस्तकात याले लिमिटर म्हणतेत जी."

"हे करते काय?"

"तुमचा आवाज लय वर गेला का त्याले धरते."

"धरते म्हणजे?"

तू जरा घुटमळलास. "म्हणजे, थांबवते जी. पुढं जाऊ देत नाई."

येथेच माझे मन कडू झाले, डोमाजी. पुढचे मी नीट ऐकलेच नाही. पेटीला तीन खुंट्या होत्या. तू त्यांना बटन म्हणत असस, मी वीणेच्या सवयीने खुंट्या म्हणे. तू एकेकीवर बोट ठेवून सांगितलेस, "हे पयलं, किती घ्याचं. हे दुसरं, कुठी थांबाचं. अन् हे तिसरं, कधी सोडाचं." मी वेद शिकवणाऱ्या गुरूंपाशी बारा वर्षे बसलो, परंतु इतक्या थोड्या शब्दांत कोणतेही शास्त्र मला कोणी सांगितले नव्हते. आणि त्यातले मी एकच वाक्य उचलले: थांबवते.

पहिल्या दिवशीची फजिती आठवून आजही हसू येते. माझा माईक आणि गणपतभाऊंचा माईक तू एकत्र करून त्याच पेटीतून नेला होतास. गणपतभाऊंनी डाव्या हाताने धूमवर, मृदंगाच्या जाड तोंडावर, भरदार थाप मारली की पेटी ती थाप धरी आणि तिच्याबरोबर माझाही शब्द खाली दाबून टाकी. मी म्हणे "श्रीराम," तर लोकांना ऐकू येई "श्री" आणि मग नुसता धूम. चार वेळा असे झाले. गणपतभाऊ वाजवता वाजवता मोठ्याने म्हणाले, "डोमा, तुह्या पेटीनं रामच गिळला." मंडप हसला. तू मान खाली घालून तिसरी खुंटी थोडी फिरवलीस, मग पुन्हा थोडी. नंतर मृदंगाची तार काढून पेटीच्या पलीकडे, निराळ्या वाटेने मशीनला जोडलीस. त्या संध्याकाळी तू मला समजावलेस, "सोडाची घाई केली का आवाज फाटते, महाराज. उशीर केला का थापेच्या मागचा शबुद मरते. कुठी तरी मदात ठेवा लागते." ती मधली जागा तुला शेवटपर्यंत मनासारखी सापडली नाही. दरवर्षी तू ती खुंटी केसभर इकडे, केसभर तिकडे करीत राहिलास; आणि मी दरवर्षी म्हणत राहिलो की लवकर सोड. तो वाद अपुराच राहिला.

पण तो प्रेमाचा वाद होता. दुसऱ्या खुंटीचा वाद तसा नव्हता.

आख्यानात भगवंताच्या नावाचा उच्चार चढत जातो. तो चढताना माझ्या कंठाला जे जाणवे ते भोंग्यातून परत येत नसे. मी वर जाई आणि भोंगा आहे तेथेच राही. मला वाटे, कोणी गळ्यावर हात ठेवला आहे. एकदा मी सर्वांदेखत तुला म्हणालो, "डोमाजी, नामाला सीमा घालणारा तू कोण?" मंडपात माणसे होती. तुझा चेहरा उतरला. बऱ्याच वेळाने, माणसे गेल्यावर, तू तार गुंडाळता गुंडाळता म्हणालास, "महाराज, तुमचा देव तं मर्यादेचाच हाय ना जी?" मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी रागावलो. विद्वानांना राग बहुधा तेव्हाच येतो.

वाचणाऱ्यांपैकी काही परगावचे असतील, त्यांच्यासाठी आपल्या उत्सवाची एक रीत सांगितली पाहिजे. आपल्या रामजन्माच्या पाळण्याचा दोर नदीपलीकडच्या टोल्यावरून, तिकडच्या वस्तीवरून, येतो. तेथील गोंड मंडळी पळसाच्या मुळांचा वाक, म्हणजे धागा, काढून, कुटून, तो दोर वळतात. त्यांचा देव निराळा, पूजा निराळी. तरी दोर त्यांचा आणि पहिला झोकाही त्यांचा, हे माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आले आहे. दोराचे एक टोक पाळण्याला, दुसरे टोक त्यांच्या हातात. माध्यान्ही मी जन्माचे वाक्य म्हणतो, तेही हळू, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळापुढे कोणी ओरडत नाही. ते वाक्य ऐकून टोल्याची माणसे दोर ओढतात, पाळणा हलतो, आणि मग शंख, मग गजर. पूर्वी माणसे थोडी होती. गर्दी वाढली तसा दोर लांब होत गेला आणि टोल्याची माणसे सरकत सरकत मोहाखाली जाऊन बसू लागली. मागे सरायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे या असेही कोणी म्हटले नाही. दुसरा भोंगा तू मोहावर बांधलास तो त्यांच्यासाठी.

आता ते सांगतो, जे तुला सांगितले नाही.

पेटीच्या दुसऱ्या वर्षी, नवमीच्या सकाळी, मी पूजेसाठी लवकर मंडपात आलो. तू मोहावर चढून भोंगा बांधत होतास. मशीनपाशी कोणी नव्हते. मी इकडे तिकडे पाहिले, आणि पेटीची दुसरी खुंटी शेवटपर्यंत उघडून दिली. मनात म्हणालो, आज एक दिवस तरी नाम मोकळे जाऊ दे. मला ते पुण्यकर्म वाटत होते. उपास होता, सोवळे नेसलेले होते, आणि हात चोराचा होता.

आख्यान रंगले. पंचाहत्तर श्लोकांनंतर जो चढ येतो तो आला, मी सर्व शक्तीनिशी वर गेलो, आणि खरोखर, भोंगाही माझ्याबरोबर वर गेला. तो आनंद मी नाकारत नाही. तेवढ्यात मोहाच्या बाजूने फाटल्यासारखा एक आवाज आला आणि त्या दिशेला शांत झाले. तुझे डोळे काट्यावर गेले. पेटी आवाज धरते तेव्हा हलणारा तो काटा निजलेला होता. मग तू खुंटीकडे पाहिलेस. मग माझ्याकडे पाहिलेस. निमिषभर. आणि नजर खाली घालून तू खुंटी पूर्वीच्या जागी आणून ठेवलीस.

मला थांबता आले असते. मी थांबलो नाही, मुहूर्त होता. मी जन्माचे वाक्य म्हटले, हळू, दरवर्षीसारखे. जवळचा भोंगा बोलला. दूरचा बोलला नाही. पाळणा हलला नाही. सारे वर पाहत होते, दोराकडे पाहत होते. टोल्याची माणसे हातात दोर धरून वाक्याची वाट पाहत बसली होती, आणि वाक्य होऊन गेले होते. पुजारी कुजबुजले, वेळ टळते आहे. मग पुढच्या रांगेतल्या कोणीतरी अलीकडूनच दोर धरून ओढला. पाळणा हलला, शंख झाला, गुलाल उडाला. त्या गर्दीतून मी पाहिले, डोमाजी. मोहाखाली चैतूच्या, टोल्याच्या त्या म्हाताऱ्या मुखियाच्या, हातातून दोर सरकत पुढे गेला आणि त्याचे हात तसेच उघडे राहिले.

नंतर पंचांनी तुला विचारले, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तू म्हणालास, "भोंग्यातला पडदा जुना होता जी. माह्यीच चूक. आंधी पाहाले पायजे होतं." मी बोलण्यासाठी तोंड उघडले. तुझा हात तार गुंडाळत होता, तो जरा थांबला, जणू तू वाट पाहत होतास. मी प्रसादाचे काहीतरी विचारले.

पुढच्या चैत्रात पेटी आली तेव्हा दुसऱ्या खुंटीच्या बुडाशी लाखेचा गोळा होता. पळसावरची, आपल्या रानातली लाख; तापवून ओतलेली, खुंटी हलू नये अशी. मी विचारले नाही. मी मनाला सांगितले, खासराच्या हादऱ्याने फिरू नये म्हणून लावली असेल. पण पहिली खुंटी उघडी होती आणि तिसरीही उघडी होती. हादरा एकाच खुंटीला बसत नाही, एवढे तर्कशास्त्र मला येते.

तीन वर्षे ती लाख आपल्यामध्ये राहिली. या तीन वर्षांत आपण किती बोललो. राज्याच्या सीमा बदलल्या, आपला चांदा जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला, तेव्हा तू विचारलेस, "महाराज, आता आपली भाषा सुदरा लागन का?" आणि मी म्हणालो, "तुझी नको, तुझी आहे तशी राहू दे." तू माझ्या दारातल्या घंटेची तार बसवून दिलीस. माझ्या सौभाग्यवतीच्या पायाला औषधी मूळ आणून दिलेस. एवढे सारे बोललो, आणि त्या एका गोष्टीभोवती दोघेही अलगद वळसा घालून गेलो. तू मला जागा देत होतास. मी ती घेतली नाही.

तू गेलास त्याच्या दहाव्या दिवशी पार्बताबाईंनी मला बोलावले. पेटी चौरंगावर ठेवली होती. त्या म्हणाल्या, "महाराज, हे कुठी ठेवू?" मी लाखेवर बोट ठेवून विचारले, "ही केव्हा लावली त्याने?"

"भोंगा फुटला त्याच्या दुसऱ्या रोजी."

"काही म्हणाला?"

त्यांनी पदराने पेटी पुसली. "म्हणत होते, महाराजाचा आवाज हळू जाते तो वर याले पायजे म्हणून ही पेटी केली. पयलं बटन लय वर ठेवा लागते त्याच्यासाठी. मंग दुसरं जाग्यावर नाई रायलं तं भोंगा फाटते. महाराजाले समजून सांगता नाई आलं मले, म्हणत होते. मले बोलता येत नाई, म्हणत होते."

तेव्हा मला कळले, डोमाजी, इतक्या उशिरा. हळू शब्द मोहापर्यंत पोचावा म्हणून तू पहिली खुंटी वाढवलीस, आणि ती वाढवता यावी म्हणून दुसरी बांधलीस. गळ्यावरचा हात म्हणून ज्याचा मी राग केला, तो माझ्या थकलेल्या वाणीला खालून दिलेला आधार होता. मोहाखाली तू सावलीसाठी बसला नव्हतास.

परवा चैतू दोर घेऊन आला. दरवर्षी तो नवमीच्या आदल्या दिवशी येतो. यंदा तुझ्यासाठी आधी आला. तुझ्या दारात त्याने जोहार केला, मग माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी ठरवले होते. त्याला सर्व सांगितले: खुंटी मी फिरवली, भोंगा माझ्यामुळे गेला, तुमचा झोका माझ्यामुळे हुकला, आणि डोमाजीने तो दोष अंगावर घेतला.

चैतू दोराचे टोक चाचपत राहिला. मग म्हणाला, "झोका कुठी चुकला जी?"

मला वाटले त्याला कळले नाही. मी पुन्हा सांगू लागलो. त्याने हात वर केला.

"डोमा मिस्त्री आल्ता ना त्याच दिशी. ऊन होतं लय. नदी उतरून आल्ता. म्हणे, भोंगा माह्या हातानं गेला, तुमाले आयकू नाई आलं, तं मी सांगाले आलो. आम्ही म्हणलं, सांग मंग. तं लाजला. मंग बोलला, तुम्ही बोलता तसंच, सारं वाक्य. आम्ही जवळ जवळ सरकलो, त्याचं बोलणं आयकू येत नोतं ना जी." चैतू हसला. "माह्या नातीचा पाळणा होता घरात. दोर तिथीच लावला. आम्हीच ओढला. पयला झोका आमचाच झाला."

मी दोराचे दुसरे टोक हातात घेतले.

"मिस्त्रीनं तुमचं नाव नाई घेतलं," चैतू उठता उठता म्हणाला. "पण महाराज, आमाले दिसते ना मोहाखालून. तुम्ही सकाळी पेटीपाशी गेल्ते."

तीन वर्षे ही माणसे दोर घेऊन येत राहिली, आणि मी मानत राहिलो की त्यांना माहीत नाही.

शास्त्रात वाणीची चार स्थाने सांगितली आहेत. वैखरी ती, जी कानाला ऐकू येते. तिच्या मागे आणखी तीन आहेत, ज्या ऐकू येत नाहीत आणि ज्यांच्यावाचून वैखरी पोकळ आहे. मी हे आयुष्यभर सांगितले. ज्या दिवशी माझी वैखरी सर्वांत मोठी झाली त्या दिवशी ती मोहापर्यंत पोचली नाही. आणि चार हातांपलीकडे न जाणारा तुझा आवाज भर उन्हात नदी ओलांडून गेला. त्या वाक्याचा अर्थ तुला समजत होता की नाही, असा प्रश्न मला पूर्वी पडला असता. आज ते विचारण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही.

यंदाचे ठरले आहे ते तुला सांगतो. पेटीपाशी पार्बताबाई बसणार आहेत. पंचांपैकी एकाने शंका काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "काटा जरासा हलाले पायजे, पडून नाई राहाले पायजे. बारा गावच्या जत्रा पाह्यल्या मी या पेटीमागून. तुम्ही भजन करा." शंका मिटली. दुसऱ्या खुंटीची लाख तशीच राहील. तिला कोणी हात लावणार नाही, मी तर नाहीच. तिसरी खुंटी तू शेवटी जेथे ठेवलीस तेथे ठेवू. तुझ्या मताने. त्या वादात मी हरलो असे समज.

आख्यान मी व्यासपीठावरूनच करीन. परंतु माध्यान्हीच्या आधी खाली उतरेन, दोराला हात लावीत लावीत मंडपाच्या टोकापर्यंत चालत जाईन, आणि जन्माचे वाक्य मोहाखाली, चैतूच्या शेजारी बसून, माईकवाचून म्हणेन. ज्यांच्या हातात दोर आहे त्यांना ते ऐकू आले म्हणजे पुरे. गणपतभाऊंना हे सांगितले तेव्हा त्यांनी आधी मृदंगाची वादी ओढून घेतली. मग म्हणाले, "महाराज, तिकडं जाऊन हळूच बोला हो. डोम्यासारखं."

तसेच बोलेन, डोमाजी. जमेल तितके.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, श्रीराम तुमच्या घरी धान्य, आरोग्य आणि सुमती नांदवो. तुमच्या बैठकीत सर्वांत मागे जो बसला असेल त्याच्यापर्यंत तुमचा शब्द पोचो. आणि एखादे दिवशी तो पोचला नाही, तर उन्हातून चालत जाऊन तो सांगून येणारे एक माणूस तुमच्या घरात असो. ते माणूस असेपर्यंत तुम्हाला त्याच्याशी बोलून घेण्याची बुद्धी होवो. शुभं भवतु.